कुलपाचा मुराळी

जनार्दन खैरमोड्यांच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराच्या कुलपाला हळद लागली होती, त्यामुळे माहेरचं माणूस न्यायला आल्याखेरीज ते उघडणार नव्हतं. आणि त्या दाराआड जनार्दनांची मुलगी केतकी, शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, सासरच्या अंगणात बसून होती.

ही गाडी म्हणजे कराडकडची पाठवणीची गाडी. रंगानं पांढरी, अंगानं लांब, वयानं केतकीपेक्षा थोरली. लगीनसराईत तिला फुलांच्या माळा लागल्या की त्या भागातल्या नवऱ्या ह्याच गाडीतून सासरी जायच्या, आणि बसायच्या त्या मागच्या डाव्या दारानंच. उजवं दार एका ट्रकनं घासलं, तेव्हापासून जनार्दनांनी ते वेल्डिंग करून कायमचं बुजवलं होतं. त्यामुळे जे काही रडणं, गळ्यात पडणं, 'सांभाळून राहा गं' म्हणणं व्हायचं, ते सगळं त्या डाव्या दाराशी. मग दार लागायचं, कुलपाचा खट्ट आवाज यायचा, आणि बाहेरची माणसं मोठ्यानं रडायला लागायची. जनार्दन अशा वेळी आरशात बघायचे नाहीत. धंद्यात पाळायचा तेवढा एक नियम त्यांनी कटाक्षानं पाळला होता.

आज मात्र पंचाईत झाली. मुलीच्या बापानं पाठवणीबरोबर जायचं नसतं, आणि ड्रायव्हरनं तर जायलाच हवं असतं. जनार्दन दोन्ही होते. मांडवात बराच खल झाला. शेवटी असं ठरलं, की पलूसपर्यंत त्यांनी ड्रायव्हर म्हणून जावं आणि बाप म्हणून मांडवातच थांबावं. त्याप्रमाणे त्यांनी डोक्यावरचा फेटा बायकोच्या, शैलाताईंच्या हातात दिला, रोजची टोपी घातली आणि गाडी सुरू केली. वाटेत दोनदा डोळे पुसले, ते ड्रायव्हरनं पुसले असंच सगळ्यांनी धरलं.

पलूसला जगदाळ्यांच्या दारात सगळी तयारी होती. केतकीच्या सासूबाई, इंदुमतीबाई, दुसऱ्या गाडीनं पुढं येऊन ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. जगदाळ्यांचं शाळेच्या गणवेशांचं दुकान, त्यामुळे घरातली बायामाणसं शिस्तीत, उंचीप्रमाणे उभी होती. जनार्दन उतरले, मागं आले आणि त्यांनी दाराला चावी लावली. चावी फिरली. खिडकीच्या काठावरची खुंटी मात्र वर आली नाही. त्यांनी हँडल ओढलं. आतून केतकीनं ओढलं. दोघांनी मिळून ओढलं. दार आपलं गप्प.

नवरदेव विश्वजीत केतकीच्या शेजारीच बसला होता. तो पुढच्या सीटवरून उडी मारून पुढच्या दारानं बाहेर आला आणि म्हणाला, "ये की अशीच."

"थांब!" इंदुमतीबाई ओरडल्या. ताटातलं निरांजन हाललं. "माप ओलांडायच्या आधी नवरीनं दुसरं काही ओलांडायचं नसतं."

पुढची सीट ओलांडायची नाही म्हटल्यावर खिडकीही ओलांडायची नाही, हे ओघानंच आलं. कुणीतरी काच फोडावी म्हणालं, पण काच खालीच होती. केतकी खिडकीच्या काठावर हात टेकून बसली आणि जमलेल्या माणसांकडे बघून कसनुसं हसली.

मग व्हायचं तेच झालं. विश्वजीतचे एक चुलते कुणालाही उद्देशून न बोलल्यासारखे बोलले, "पोरगी सोडवना व्हय बापाला?"

इंदुमतीबाईंनी ताट खाली ठेवलं. "व्याही, खरं सांगा. तुम्ही तर काही केलं नाहीत ना?"

"देवाशपथ नाही, ताई!" जनार्दन म्हणाले. आवाज बापाचा निघाला, ड्रायव्हरचा नाही.

त्यांनी उन्हाकडे बघितलं. दिवेलागणीपर्यंत केतकी घरात गेली तर ठीक. नाही गेली, तर हे दार तिच्या जन्माला पुरणार. भाजीत मीठ कमी पडलं, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी कुणीतरी म्हणणारच, की हिच्या बापानं पहिल्या दिवशी दार धरून ठेवलं होतं. बोलणी त्यांनी आयुष्यभर पुष्कळ खाल्ली होती आणि पचवलीही होती. पण ही त्यांच्या ताटात पडणार नव्हती, लेकीच्या ताटात पडणार होती.

स्टँडमागून दस्तगीर मिस्त्रींना बोलावणं गेलं. दस्तगीर मिस्त्री इंजिनाला हात लावत नसत, चाकांशी बोलत नसत. फक्त गाड्यांची कुलपं करत. ते आले, घाम पुसला, पुढच्या दारानं आत शिरले आणि केतकीला म्हणाले, "बाळा, जरा पलीकडं सरक." दाराचं आतलं पॅड त्यांनी उकललं, आत बॅटरीचा उजेड मारला, बोटानं एकेक दांडी हलवून बघितली. मग बाहेर येऊन चावी घातली, फिरवली, काढली आणि नाकाशी धरली. चावी पिवळी झाली होती.

"दांडी शाबूत हाय. स्प्रिंग शाबूत हाय. खटका बी मोडला न्हाई," ते म्हणाले. "हळद कुणी लावली?"

सगळे जनार्दनांकडे बघायला लागले.

"मी," जनार्दन म्हणाले. "काल केतकीची हळद झाली. वाटीत थोडी उरली होती. दरवेळी बॉनेटला हळदकुंकू लावतो तसं लावलं, आणि मग मनात आलं, की हे कुलूप बिचारं किती पोरींना वाटेला लावतं, आणि ह्याला कधी कुणी बोटभर हळद लावली नाही. म्हणून लावली. जरा जास्तच लावली असेल. आत गेली असेल थोडी."

"थोडी?" मिस्त्री म्हणाले. "नवरीच्या वाटीतली हळद चावीच्या भोकातनं आत गेली म्हंजे कुलूप नवरीतच जमा. ह्यात माझं-तुमचं काय चालत न्हाई. हळद लागलेलं कुलूप पहिल्यांदा बंद झालं, की मुराळी न्यायला आल्याबिगर उघडत न्हाई. कुलपांचं असंच असतंया."

इंदुमतीबाईंनी मान डोलावली. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात, आणि तो आल्याशिवाय कुठलीच लेक उठून चालायला लागत नाही. "मग मुराळी आणा," त्या म्हणाल्या. "गाडीत दुसरं कुलूप असेल की."

जनार्दनांनी लगबगीनं डिकीचं कुलूप काढायला घेतलं. दोन स्क्रू काढले तेवढ्यात मिस्त्रींनी त्यांचा हात धरला.

"हे कोण?"

"डिकीचं. ह्याच गाडीतलं."

"म्हंजे दीर झाला की हो! दीर कुठं मुराळी असतो व्हय? तुमी लेकीचं बाप ना?"

जनार्दन खजील झाले आणि स्क्रू पुन्हा बसवायला लागले. बायकांत थोडी खसखस पिकली. आतून केतकीही हसली, आणि तिचं हसणं ऐकून जनार्दनांना तेवढ्यापुरतं हलकं वाटलं.

"ह्या कुलपाचं माहेर कुठलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"विट्याचं. मूळचं गेलं तेव्हा सनगरांच्या भंगारातून आणलं होतं. तिथं एक हिरवी गाडी उभी होती, तिच्या दाराचं."

"आन त्या गाडीची बाकीची कुलपं?"

ते जनार्दनांना ठाऊक नव्हतं. कुलूप नेलं त्या दिवसापासून ते विट्याच्या त्या भंगारात एकदाही फिरकले नव्हते. तसं त्यांनी सांगितल्यावर मिस्त्रींनी नुसतं "हं" केलं, आणि अंगणातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

विश्वजीत मोटारसायकल घेऊन विट्याला निघाला. मुंडावळ्या सोडायच्या की नाही यावर थोडी चर्चा झाली. सोडू नयेत असं ठरलं, म्हणून त्यानं त्या हेल्मेटच्या आत सारल्या.

तोवर थांबण्याखेरीज काही करण्यासारखं नव्हतं. खिडकीतून केतकीला सरबत दिलं, मग चहा दिला, मग दोन लाडू दिले. इंदुमतीबाई गाडीशी खुर्ची टाकून बसल्या. नव्या सुनेशी बोलायचं ते घरात घेतल्यावर, असा त्यांचा विचार होता, पण आता घरच लांबलं होतं. केतकीनं त्यांना विचारलं, की दुकानात गणवेशाच्या बाह्या कोण बसवतं. इंदुमतीबाई म्हणाल्या, मीच. मग बाह्यांवर बरंच बोलणं झालं. जनार्दन थोडे दूर, बॉनेटला टेकून उभे होते. त्यांना ऐकू येत होतं आणि ते ऐकत नाहीत असं दाखवत होते.

एक गोष्ट दुपारच्या पंगतीपासून त्यांच्या मनात सलत होती. लग्न लागल्यावर नवरी मांडवपरतणीला दोन दिवस माहेरी येते. शैलाताईंनी त्यासाठी पुरणाची डाळसुद्धा काढून ठेवली होती. पण जेवणाच्या पंगतीत इंदुमतीबाईंनी जनार्दनांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "व्याही, मांडवपरतणी ह्या खेपेला राहू द्या. शाळा सुरू होतायत, गणवेशांची गर्दी आहे. चार हात कमी पडतात. सीझन उतरला की पाठवते." जनार्दन "बरं, बरं" म्हणाले होते. मुलीच्या बापाला ह्यापेक्षा दुसरे शब्द येत नाहीत. शैलाताईंना सांगायचा मात्र त्यांना धीर झाला नव्हता.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा विश्वजीत परत आला. उपरण्याच्या टोकात त्यानं काहीतरी गुंडाळून आणलं होतं.

"थोरला भाऊ सोलापूरच्या एका जीपला दिलाय म्हणाले," त्यानं सांगितलं. "हा धाकटा. पुढच्या दाराचा. गाडीत कोंबड्या राहतात, त्यांना उठवून काढावा लागला. यायला तयार होता, पण प्रकृती बरी नाही."

मुराळी पार गंजला होता. त्याचा खटका हालत नव्हता आणि एका बाजूला कोंबडीचं पीस चिकटलं होतं. तरी पाहुणा तो पाहुणा. इंदुमतीबाईंनी पाय धुवायला पाणी आणायला सांगितलं. पाणी चालायचं नाही, असं मिस्त्री म्हणाले, तेव्हा परातीत रॉकेल ओतलं. मिस्त्रींनी मुराळ्याला त्यात बसवलं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं अंग चोळलं, फडक्यानं कोरडं केलं आणि बोटभर ग्रीस लावलं. जरा वेळानं मुराळ्यानं खट्ट केलं. "आला जिवात जीव," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची पूड डाव्या दाराच्या कुलपात फुंकली, म्हणजे त्याला भावाशी नीट बोलता यावं. मुराळ्याला तळहातावर घेऊन त्यांनी दारासमोर धरलं.

बाहेरून खट्ट झालं. आतून, अगदी हळू, खट्ट झालं.

खुंटी अर्ध्यावर आली.

अंगणातल्या बायकांच्या तोंडून "आली गं बाई!" असं एकदम निघालं. केतकीनं दोन्ही हात गालांवर ठेवले. जनार्दन हँडलकडे झेपावले.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "सासरच्या थोरानं तोंडानं 'न्या' म्हणाया लागतं. त्याबिगर ती भावाबरबर निघायची न्हाई."

"सासरचा थोर कोण?"

"गाडी कुणाची?"

सकाळपासून जनार्दन मुलीचे बाप होते, दुपारी ड्रायव्हर झाले होते, आणि आता कुणी काही न विचारता सासरे झाले होते. पण धंद्यात केस पिकवलेला माणूस, बोलण्याचा प्रसंग आला की त्याच्या जिभेवर आधी धंदाच येतो.

"आमची काही ना नाही," ते म्हणाले. "जरूर पाठवू. आत्ता फक्त दार उघडून द्या. लगीनसराई आहे हो. इस्लामपूरची पाठवणी तोंडावर आलीय, मग ओगलेवाडीची आहे. ह्या दाराशिवाय माझं चालत नाही. सीझन उतरला की पाठवतो."

खुंटी खाली गेली.

मिस्त्रींच्या तळहातावरचा मुराळी वाजेनासा झाला. भिंतीवरचं ऊन कौलांपर्यंत गेलं होतं, आणि आतल्या घरात कुणीतरी समईत तेल घालत असल्याचा आवाज आला.

खिडकीतून केतकी म्हणाली, "अण्णा, तुम्ही अगदी आईंसारखं बोललात."

ती हे टोचून म्हणाली नव्हती. सासूचे शब्द पंगतीत तिच्याही कानावर पडले होते, बापाचे आत्ता ऐकले, दोन्ही सारखे वाटले म्हणून बोलून गेली. बोलल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं शालूचं टोक तोंडाला लावलं.

जनार्दन इंदुमतीबाईंकडे बघू शकले नाहीत. इंदुमतीबाईही त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या खुंटीकडे बघत होत्या.

जनार्दन दाराजवळ गेले. टोपी काढली. ह्या कुलपानं किती लेकी पोचवल्या, हे त्यांना आठवायला लागलं, आणि ते स्वतः एकदाही माहेरी गेलं नव्हतं हेही आठवलं. रंग दोनदा मारला, सीटकव्हरं बदलली, माळा दरवर्षी नव्या आणल्या. ह्याला कधी तेलाचं बोटही नाही. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"न्या," ते मुराळ्याला म्हणाले. "इस्लामपूरवाल्यांना मी दुसरी गाडी बघून देतो. आणि दोन दिवस नका ठेवू. तिला वाटेल तोवर ठेवा."

खुंटी टण्णकन वर आली. हँडलला कुणाचा हात लागण्याआधीच दार आपसूक बोटभर उघडलं.

अंगणात जो काही गलका झाला, त्यात मिस्त्री काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. केतकी उतरली. बसून बसून तिचे पाय आखडले होते, म्हणून तिनं बापाच्या खांद्याचा आधार घेतला, आणि जनार्दनांनी तो बापाचाच खांदा म्हणून दिला. इंदुमतीबाईंनी निरांजन पुन्हा लावलं, ओवाळलं, तुकडा ओवाळून टाकला. केतकीनं पायानं माप लवंडलं. तांदूळ घरभर पसरले आणि त्याच वेळी आत समई लागली. जनार्दन पायरीवर मटकन बसले आणि कुणीतरी पुढं केलेला चहा मुकाट्यानं प्यायले. मुलीच्या घरचं काही घ्यायचं नसतं, हे त्यांना कप रिकामा झाल्यावर आठवलं.

मिस्त्रींनी आता उघड्या दाराच्या कडेचे स्क्रू काढले आणि कुलूप अलगद बाहेर घेतलं. हळद अजून त्याच्या सांदीत होती. धुवू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा इंदुमतीबाई म्हणाल्या, "राहू द्या. माहेरच्यांना बघू दे." मग त्या आत गेल्या आणि खण, तांदूळ, सुपारी घेऊन आल्या. "माझ्या दारातून निघालीय, रिकामी कशी जाईल?" असं म्हणून त्यांनी कुलपाची ओटी भरली. विश्वजीतनं त्यात ग्रीसची एक डबी ठेवली.

जनार्दनांनी बिनकुलपाचं दार सुतळीनं घट्ट बांधलं. निघायच्या वेळी इंदुमतीबाई खिडकीशी आल्या.

"व्याही, कुलूप परत कधी यायचं?"

"ते आता त्यांच्यावर आहे, ताई."

"म्हणजे चार-सहा दिवस हे दार असंच बांधलेलं राहणार."

"राहणार."

इंदुमतीबाईंनी सुतळीची गाठ ओढून बघितली. त्या कपड्यातल्या होत्या, गाठ कच्ची होती हे त्यांना कळलं. त्यांनी ती सोडून स्वतः पुन्हा बांधली.

"मग परवा केतकीला मांडवपरतणीला न्यायला याल," त्या म्हणाल्या, "तेव्हा तिला मागं बसवू नका. पुढं बसवा."

जनार्दन म्हणाले, "बरं, बरं."

विट्याला पोचेपर्यंत चांगलंच अंधारलं होतं. पुढच्या सीटवर बहीण-भाऊ खणात शेजारी शेजारी होते आणि खड्डा आला की दोघं एकदम वाजत होते. भंगारवाले सनगर फाटकातच उभे होते. विश्वजीतनं सगळी हकीगत सांगितल्यामुळे त्यांनी अंगण झाडून घेतलं होतं. ते जनार्दनांना हिरव्या गाडीपाशी घेऊन गेले. गाडीला चाकं नव्हती, काचा नव्हत्या. कोंबड्यांनी जागा करून दिली. सनगरांनी मुराळ्याला त्याच्या दारात बसवलं आणि लेकीला तिच्या मागच्या दारातल्या मोकळ्या खोबणीत. इतक्या वर्षांनी ती तिथं नीट बसली.

मग सनगरांनी घरातून टॉवेल-टोपी आणली. जनार्दन नको नको म्हणत होते, तरी त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि टोपी डोक्यावर ठेवली.

"व्याही, मागं तुमी घाईत नेलंत," सनगर हात जोडून म्हणाले. "बोलायचं ऱ्हाऊनच गेलं. पोर तुमच्या पदरात घातलीया. लई साधी हाय. काय चुकलंमाकलं तर पोटात घाला."

हेच शब्द जनार्दनांनी दुपारी मांडवात इंदुमतीबाईंना म्हटले होते, आणि उत्तरादाखल त्यांना गणवेशांच्या गर्दीबद्दल ऐकावं लागलं होतं. तेव्हा आपल्याला काय ऐकायचं होतं, हे आता त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यांनी सनगरांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले.

"तिची काळजी करू नका," जनार्दन म्हणाले. "ती आमचीच आहे."

सनगरांनी डोळे पुसले. हिरव्या गाडीत पुढून एकदा खट्ट झालं आणि मागून एकदा.

फाटकाबाहेर येऊन जनार्दनांनी शैलाताईंना फोन लावला आणि उद्या रात्री पुरणाची डाळ भिजत घालायला सांगितली.